मोफत सल्ला आणि देणगीची पेटी एका टेबलावर नको

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही तासगावला वकिली सुरू करून तीन-चार वर्षे झाली आहेत. पाच-सहा मित्रवकील मिळून दर महिन्याला एक मोफत कायदा सल्ला शिबिर घ्यावे असा तुमचा विचार आहे. त्याच शिबिरात साधी मृत्युपत्रेही फुकट करून द्यायची, आणि लोकांनी फीऐवजी खुशीने जे द्यायचे ते मूकबधिर मुलांच्या शाळेसाठी ठेवलेल्या पेटीत टाकायचे. इंग्लंडमध्ये दर नोव्हेंबरात 'विल एड' नावाने वकील असे करतात हे वाचून तुम्हाला ही कल्पना सुचली. पण एका ज्येष्ठांनी घाबरवले की ही जाहिरात ठरेल आणि सनदेवर, म्हणजे वकिलीच्या परवान्यावर येईल. तर करावे की नाही, आणि करायचे तर कसे?

करावे, जरूर करावे. सांगली जिल्ह्यात मी बरीच वर्षे वकिली करतो आहे, अशा शिबिरांत बसलो आहे आणि देणग्याही गोळा केल्या आहेत. त्यावरून सांगतो, सनदेची भीती ही तुमची खरी अडचण नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला ४६ वा नियम उघडून बघा. ज्याला वकिलाची खरोखर गरज आहे त्याला पूर्ण फी देता येत नसली तरी मदत मिळण्याचा हक्क आहे, आणि आपल्या ऐपतीच्या मर्यादेत गरिबाला मोफत मदत करणे हे वकिलाच्या सर्वांत मोठ्या कर्तव्यांपैकी एक आहे, असे तो नियम सांगतो. तुम्ही जे करू पाहता ते धंद्याच्या नियमांतच लिहिलेले आहे.

ज्येष्ठांचा आक्षेप ३६ व्या नियमावरून आला असणार. प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे काम मागणे, जाहिरात करणे, दलाल ठेवणे याला त्यात मनाई आहे. फुकट सल्ल्यावर त्याचा रोख नाही, रोख फ्लेक्सवर आहे. चौकात शिबिराचा फलक लागतो, त्यावर सहा वकिलांचे कोटातले फोटो, खाली मोबाइल नंबर आणि ऑफिसचा पत्ता. मग शिबिर कुणाचे आणि जाहिरात कुणाची, हा प्रश्न कोणीही विचारू शकतो. यावरचा उपाय तुमच्याच कोर्टात आहे. तालुका विधी सेवा समितीकडे, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी समितीकडे जा आणि शिबिर त्यांच्यामार्फत घ्या. सूचना त्यांच्या नावाने निघेल, तुमच्या नावाचा फलक लागणार नाही. शिवाय ज्याला सल्ल्यापुढे वकील लागेल त्याचा अर्ज तिथल्या तिथे भरून घेता येईल. ही शेवटची सोय मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

खरी अडचण आहे ती टेबलाची. मोफत सल्ला आणि देणगीची पेटी तुम्ही एकाच टेबलावर ठेवू पाहता आहात, आणि ते करू नका असे मी अगदी आग्रहाने सांगेन.

शिबिराला येणारा माणूस कोण असतो? नवऱ्याने घराबाहेर काढलेली बाई असते, भावांनी वारसनोंदीत नाव घातले नाही म्हणून आलेली बहीण असते, सावकाराने व्याजापोटी जमिनीची खरेदी लिहून घेतलेला शेतकरी असतो. कवठेमहांकाळकडच्या एका गावात सल्ला ऐकून झाल्यावर एका आजींनी कनवटीची घडी उलगडली, आतली दहाची नोट माझ्यासमोर ठेवली आणि "ठेवा साहेब, फुकाट न्यायला बरं वाटत नाही" म्हणाल्या. मी नोट परत दिली, त्यांनी ती पुन्हा सरकवली. पेटी नसताना हे होते. पेटी असती आणि तिच्यावर मुलांचा फोटो असता, तर परतीच्या एसटीचे पैसेही त्यांनी त्यात टाकले असते. गरजवंत माणसासमोर ठेवलेली पेटी त्याला ऐच्छिक वाटत नाही. आपण कमी टाकले तर साहेब कमी सांगतील, असे त्याच्या मनात येते, आणि ते येऊ नये ही जबाबदारी आपली आहे.

दुसरी गोष्ट कायद्याची. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ खाली यातल्या बहुतेकांना सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्कच आहे. सगळ्या स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीतला माणूस यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वर्षाला ३ लाख रुपयांची मर्यादा आहे. त्याच कलमात पूरग्रस्त आणि दुष्काळग्रस्तही येतात, आणि हे आपल्या जिल्ह्यातल्या फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कितीतरी वर गेले, घरेच्या घरे पाण्याखाली राहिली. त्यानंतर भाडेकरूंची एकच तक्रार सारखी कानावर यायची. पंचनामा घरमालकाच्या नावाने झालेला, आणि संसार भिजलेला भाडेकरूचा. वीजबिल नाही, करारनामा नाही, असलेली कागदपत्रे पुरात गेलेली. त्या माणसाला कोणी सांगितलेच नव्हते की पूरग्रस्त म्हणून तुला मोफत वकील मागता येतो. हक्काच्या गोष्टीसमोर पेटी ठेवली की तो हक्क उपकारासारखा दिसायला लागतो.

म्हणून दोन्ही कामे करा, पण वेगळ्या दिवशी, वेगळ्या जागी, वेगळ्या लोकांसाठी. सल्ल्याचे शिबिर गावात घ्या, तिथे पैशाचा विषयच नको. मृत्युपत्राचे काम, ज्यातून देणगी येऊ शकते, ते ज्यांची फी द्यायची ऐपत आहे त्यांच्यासाठी ठेवा. निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले, विश्रामबागसारख्या भागातले ज्येष्ठ नागरिक संघ, ही तुमची माणसे. त्यांना साधे मृत्युपत्र हवे असते आणि कुणाकडे जावे हे कळत नसते. चांगल्या कामाला दोन हजार द्यायला ते मागेपुढे पाहत नाहीत. 'विल एड'मध्येही देणगी देणारे लोक फी देऊ शकणारेच असतात, हे त्या बातमीतून तुमच्या नजरेतून सुटलेले दिसते.

मृत्युपत्राबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण साधे म्हणून आपण ज्याला हात घालतो ते आपल्या भागात साधे राहत नाही. कायद्याच्या गरजा थोड्या आहेत. करणारा सज्ञान आणि शुद्धीवर हवा, त्याची सही किंवा अंगठा हवा आणि दोन साक्षीदार हवेत. स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. तरी मी नोंदणीचा सल्ला देतो. वय जास्त असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरचा दाखला लावतो, आणि साक्षीदार करणाऱ्यापेक्षा तरुण आणि मिळकतीत काही न मिळणारे घेतो. इथपर्यंत पुस्तकात मिळेल.

पुस्तकात मिळत नाही ते असे. म्हातारा मुलाच्या मोटारसायकलवर बसून येतो. खुर्चीवर म्हातारा बसतो, शेजारी मुलगा उभा राहतो. "बाबा, जमीन किती?" विचारले की मुलगा सांगतो, "दोन एकर वीस गुंठे." "मुली किती?" मुलगा सांगतो, "दोन, पण दोघींची लग्नं झालीत, त्यांना काय नको." म्हातारा मान खाली घालून सातबाऱ्याचा कोपरा दुमडत बसलेला असतो. अशा वेळी मी मुलाला चहा प्यायला बाहेर पाठवतो, दार लावतो आणि बाबांना पहिल्यापासून पुन्हा विचारतो. कित्येकदा उत्तर बदलते. कित्येकदा बाबा म्हणतात, आज नको, पुन्हा येतो. त्या दिवशी मृत्युपत्र होत नाही आणि काम नीट झालेले असते.

ही खबरदारी घेतली नाही तर तुमचे मोफत मृत्युपत्र शिबिर मुलींची नावे कापायचे शिबिर होईल. वडिलोपार्जित जमिनीत माणूस फक्त आपल्या हिश्श्यापुरते मृत्युपत्र करू शकतो. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हिस्सा मिळाला. वडील दुरुस्तीच्या वेळी हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले आहे. सातबाऱ्यावर एकट्या बाबांचे नाव आहे म्हणून सगळी जमीन त्यांच्या एकट्याची ठरत नाही. फेरफार मागे नेत ती जमीन त्यांच्याकडे कशी आली ते पाहिल्याशिवाय एक ओळ लिहू नका. म्हणजेच एका दुपारी तीस मृत्युपत्रे होत नाहीत. चार-पाच झाली तरी पुष्कळ. कोणी तुम्हाला मोठा आकडा गाठायला सांगितले तर ऐकू नका.

आणि एक पथ्य कडक पाळा. ज्या शाळेसाठी तुम्ही पैसे उभे करता आहात, तिच्या नावे मृत्युपत्रात काही ठेवा असे आपणहून सुचवायचे नाही. कोणी स्वतः म्हणाले तर ते मृत्युपत्र तुमच्या गटाबाहेरच्या वकिलाकडे पाठवा. उद्या मुले कोर्टात आली तर पहिला आरोप दबावाचा होतो, आणि तो शाळेवरही येतो.

आता पैसे. माझा नियम एकच आहे, देणगीचा रुपया वकिलाच्या हाताला लागता कामा नये. पेटी नको, तुमच्या नावाचे खाते नको, तुमच्या मोबाइलवरचा क्यूआर कोड तर अजिबात नको. देणगीदाराने थेट संस्थेच्या खात्यात चेकने किंवा यूपीआयने पैसे टाकावेत आणि पावती संस्थेने त्याच्या नावाने द्यावी. यामागे दोन कारणे आहेत. एक म्हणजे, धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ४१क लागते. गणपती मंडळांना वर्गणीसाठी परवानगी घ्यावी लागते ती याच कलमाखाली. सहा वकिलांचा बिननोंदणीचा गट पैसे गोळा करू लागला तर तो त्यात येतो, आणि कायदा सांगणाऱ्यांनीच तो विसरलेला बरा दिसत नाही. नोंदणीकृत संस्थेने स्वतः स्वीकारले तर ही गुंतागुंत टळते. दुसरे कारण आयकराचे. संस्थेकडे ८०जी, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीची मान्यता असेल तर जुन्या करपद्धतीत कर भरणाऱ्या देणगीदाराला पावती उपयोगाची असते, पण २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत नाही.

रक्कमही ठरवू नका. 'पाच हजार द्या, मृत्युपत्र करून देतो' म्हटले की ती तुमचीच फी झाली, फक्त दुसऱ्याच्या खात्यात गेली. मग ते उत्पन्न कुणाचे, असा प्रश्न निघतो. काम आधी पूर्ण करून कागद हातात द्या, संस्थेची माहिती असलेले पत्रक द्या आणि विषय तिथे सोडा. कोणी काही दिले नाही तरी त्याला फोन करायचा नाही. कोणी किती दिले हे तुम्हाला कळूच नये, महिन्याची एकूण रक्कम संस्थेने सांगितली की पुरे.

संस्था निवडताना भावनेबरोबर कागदही बघा. शाळा चांगली असेल, पण तिच्या ट्रस्टचा शेड्यूल वनचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीचा उतारा मागा. त्यावरचे विश्वस्त हयात आहेत का, बदल झाले असतील तर चेंज रिपोर्ट मंजूर आहे का, हिशेब दरवर्षी दाखल होतात का, हे धर्मादाय कार्यालयात समजते. चांगली कामे करणाऱ्या अनेक जुन्या संस्थांचे चेंज रिपोर्ट वर्षानुवर्षे पडून असतात. तसे असेल तर ते काम तुम्ही मोफत करून द्या. त्या शाळेसाठी ती तुमच्या देणगी गोळा करण्याइतकीच मोठी मदत ठरेल, आणि ती फक्त वकीलच करू शकतो.

आणि लोकांकडे जाण्याआधी स्वतःपासून सुरुवात करा. तुम्ही सहा जणांनी दरमहा थोडी रक्कम टाकलीत, मग बारमधल्या सहकाऱ्यांना विचारलेत, तर मागायला तोंड राहते. दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीआधीचा आठवडा मला यासाठी चांगला वाटतो, सगळे बाररूममध्ये सापडतात.

आता सल्ल्याच्या शिबिराकडे येतो. माणूस कॅरीबॅग घेऊन येतो. तिच्यात रेशनकार्ड, पोस्टाचे पासबुक, जुना सातबारा, सोसायटीची नोटीस आणि लग्नपत्रिका असे सगळे एकत्र असते. गोष्ट ऐकायच्या आधी ती पिशवी टेबलावर ओता आणि तारीख असलेला कागद शोधा. कोर्टाचे समन्स असेल तर कैफियत, म्हणजे लेखी उत्तर ३० दिवसांत द्यायचे असते, फार तर ९० पर्यंत. फेरफाराची नोटीस असेल तर हरकतीला १५ दिवस. फेरफार मंजूर झाला असेल तर प्रांतांकडे अपिलाला ६० दिवस. वहिवाटीचा रस्ता अडवला असेल तर मामलेदार कोर्टात (तहसीलदारांकडे) सहा महिन्यांत जावे लागते. मुदत संपत आली असेल तर बाकीची गोष्ट नंतर. काही बाबतीत उलटेही असते. सावकाराने जमीन लिहून घेऊन दहा वर्षे झाली म्हणून माणूस आशा सोडून आलेला असतो. पण २०१४ च्या सावकारी कायद्याच्या कलम १८ खाली १५ वर्षांपर्यंतच्या व्यवहाराबद्दल जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. हे ऐकल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे दिसते त्यासाठी शिबिर घ्यावे.

शिबिर कुठल्या दिवशी घ्यावे याला एकच उत्तर नाही. दुसरा-चौथा शनिवार वकिलांना सोयीचा, कोर्ट बंद असते. पण २०२० पासून राज्य सरकारचा पाच दिवसांचा आठवडा आहे, म्हणजे शनिवारी तहसीलही बंद. तुम्ही सांगितलेला अर्ज तो माणूस सोमवारी घेऊन जाणार आणि तिथे एकटा पडणार. म्हणून शनिवारी शिबिर घेतलेत तर सोमवारी तहसीलमध्ये तुमच्यापैकी एकाने किंवा विधी स्वयंसेवकाने तासभर हजर राहायचे, असे ठरवा. नाही जमले तर वहीत फोननंबर घेऊन पंधरवड्याने विचारा, 'काम झाले का?' वहीत नाव, गाव, विषय, काय सांगितले, पुढचा टप्पा आणि तो कोण बघणार एवढे रकाने पुरेत. ही वही नसलेले शिबिर मी शिबिर मानत नाही.

गाव कुठले यावरही बरेच अवलंबून आहे. जतकडे बांध, रस्ता आणि वाटणीचे विषय जास्त निघतात. नदीकाठच्या पलूस-वाळव्याकडे पुराची मदत, ऊसबिल आणि सावकारी. त्याप्रमाणे तुमच्यातल्या कोणी कशाचा अभ्यास करायचा ते आधी वाटून घ्या. आपल्याच भागात स्वातंत्र्यलढ्यातल्या प्रतिसरकारच्या काळात गावोगाव न्यायदान मंडळे बसायची आणि लोक आपले तंटे तिथे नेत. न्याय गावात येतो ही गोष्ट इथल्या लोकांना नवी नाही, त्यामुळे नीट केले तर प्रतिसाद चांगला मिळतो.

दोन गोष्टींत ढिलाई नको. पहिली, नाव नोंदवतानाच विरुद्ध बाजूचे नावही विचारा. तालुक्याच्या ठिकाणी सल्ला मागणाऱ्याचा भाऊ आधीच तुमचा पक्षकार असण्याची शक्यता मोठी असते. तसे असेल तर एक शब्दही न ऐकता त्याला दुसऱ्या टेबलावर पाठवा. दुसरी, आडोसा. समाजमंदिरात रांगेतला मागचा माणूस पुढच्याचे सगळे ऐकतो. नवऱ्याच्या मारहाणीबद्दल सांगायला आलेली बाई मागे आपली जाऊ उभी दिसली की रेशनकार्डाचा प्रश्न विचारून निघून जाते. एक खोली फक्त अशा विषयांसाठी ठेवा, तिथे स्त्री वकील बसू द्या, आणि सल्ला घेणाऱ्यांचे फोटो काढून कुठेही टाकू नका. फुकट दिलेला सल्लाही सल्लाच असतो, गोपनीयता तेवढीच आणि जबाबदारीही तेवढीच.

शिबिरात आलेली केस पुढे स्वतः फी घेऊन चालवावी का, हेही तुम्ही विचारले आहे. त्याच वादात नाही. फुकट चालवायची असेल तर वकीलपत्र दाखल करा, किंवा विधी सेवेचा अर्ज भरून त्यांच्या पॅनलवरच्या (यादीतल्या) वकिलाकडे जाऊ द्या. जो कलम १२ मध्ये बसत नाही आणि फी देऊ शकतो, त्याला तुमच्या गटाबाहेरची दोन-तीन नावे सांगा. यात थोडे नुकसान आहे हे मला माहीत आहे, ज्युनिअर वकिलाला प्रत्येक केस हवी असते. पण पहिल्या शिबिरातून एक जरी केस तुमच्या ऑफिसात गेली, तरी ज्येष्ठांचा आक्षेप खरा ठरतो. खर्चासाठी पक्षकाराला उसने पैसेही देऊ नका, केससाठी पक्षकाराला कर्ज द्यायला नियमांत मनाई आहे. कौटुंबिक वादांत स्त्रियांना महाराष्ट्रात कोर्ट फी माफ आहे. नकला आणि इतर खर्च मंजूर झालेल्या विधी सेवेतून मागता येतो.

तेव्हा या आठवड्यात तालुका विधी सेवा समितीला लेखी पत्र द्या, त्यात देणगीचा उल्लेखही नको. शाळेच्या विश्वस्तांना स्वतंत्र भेटा. आणि ज्या ज्येष्ठांनी तुम्हाला घाबरवले, त्यांनाच पहिल्या शिबिराला मृत्युपत्राच्या नव्हे, सल्ल्याच्या टेबलावर बसायला बोलवा. जुने फेरफार त्यांच्याइतके भरभर तुमच्यापैकी कोणाला वाचता येणार नाहीत.